बंडी लिहावी की बैलगाडी

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोंडावर मी एक लेख लिहायला घेतला. आमच्या गावातली लाकडी चाकांची शेवटची बंडी कशी मोडीत निघाली, एवढाच विषय होता. पहिल्या वाक्यात मी ‘बैलगाडी’ असं लिहिलं आणि तिथेच अडलो. अकरा दिवस अडलो. रोज रात्री जेवण झालं की फोन उघडायचा, ते वाक्य वाचायचं, एखादा शब्द मागेपुढे करायचा आणि फोन ठेवून द्यायचा. बाराव्या दिवशी शेजारच्या काकांना सहज विचारलं, त्या बंडीच्या चाकांचं पुढं काय झालं हो? ते सांगत बसले. मी घरी आलो आणि त्यांचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. त्यात ‘बैलगाडी’ नव्हती, ‘बंडी’ होती. लेख त्याच रात्री पूर्ण झाला.

पुण्याकडच्या माणसाला बंडी म्हणजे अंगात घालायची वाटते. आमच्याकडे, पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, बंडी म्हणजे बैल जुंपायची गाडी, आणि आमच्या तेलुगू शेजाऱ्यांकडेही गाडीला बंडीच म्हणतात. मी ‘बैलगाडी’ लिहिली ती माझ्या गावासाठी नव्हती. जो माझं मराठी तपासेल अशा कुणा दूरच्या माणसासाठी ती लिहिली होती. तो माणूस समोर येऊन बसला की माझ्या गावचे काका, त्यांचा गोठा, त्या चाकांचा आवाज सगळं मागे सरतं, आणि हाताला लिहायला काही उरत नाही.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठीत लिहू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बेला, जैनद, तामसी, भीमपूर, तलमडगू या मंडलांत घरोघरी मराठी बोलली जाते. ब्लॉग सुरू करणारी, फोनवर लांबलचक नोंदी लिहिणारी, दोन-चार लेखांनंतर गप्प होणारी मुलंमुली मी पाहतो. त्यांची तक्रार एकच असते: सुचत नाही. मी त्यांना विचारतो, काल बाजारात काय झालं? मग अर्धा तास ती थांबत नाहीत. म्हणजे सुचण्याची अडचण नाही. जे तोंडात आहे ते कागदावर यायला लाजतं, ही खरी अडचण आहे.

या अडण्याला इंग्रजीत ‘रायटर्स ब्लॉक’ हे नाव एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४०च्या दशकात दिलं आणि त्याचं मूळ लेखकाच्या मनाच्या तळाशी शोधलं. असेलही तसं काहींच्या बाबतीत. पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने मनाचा तळ ढवळण्याआधी नकाशाकडे पाहावं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे या जिल्ह्याचे मराठी तालुके पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, जुन्या दस्तांत उर्दू, शाळेत आता बहुतेक ठिकाणी तेलुगू नाहीतर इंग्रजी. अशा घरातल्या मुलाला मराठी बोलता उत्तम येतं, वाचायला कमी मिळतं, आणि लिहायची वेळ आली की आपली मराठी ‘खरी’ नाही असं वाटू लागतं. हा संकोच त्याच्या एकट्याचा नाही, दोन पिढ्यांचा आहे, आणि तो काढता येतो.

तो काढायचा तर आधी वाचणारा माणूस बदला. लिहायला बसण्यापूर्वी एका खऱ्या माणसाचं नाव मनात धरा: बेल्याची मावशी, कोरपन्याला दिलेली बहीण, हैदराबादेत नोकरीला गेलेला वर्गमित्र. लेखाच्या वर ते नाव चक्क लिहा आणि शेवटी पुसून टाका. मावशीला लिहिताना तुम्ही ‘कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात’ असं लिहिणार नाही, ‘यार्डात’ लिहाल. ‘कोथिंबीर’ लिहिणार नाही, ‘सांबार’ लिहाल. आमच्या घरी सांबार म्हणजे हिरवी जुडी आणि कोपऱ्यावरच्या टिफिन सेंटरात सांबार म्हणजे इडलीसोबतची डाळ. एकाच सकाळी एकच शब्द दोन अर्थांनी वापरणारी आपण माणसं आहोत. हे मावशीला समजावून सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्या वाचकाला समजावून सांगितलं तर त्यातूनच एक लेख होतो.

मराठी गद्याच्या अगदी आरंभी हाच प्रश्न आला होता. चक्रधरांच्या मागे महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. भोवती संस्कृत जाणणारे पंडित होते. नागदेवाचार्यांनी त्यांना संस्कृताऐवजी मराठीकडे वळवलं, आणि कारण दिलं ते पंथातल्या म्हाताऱ्या बायकांचं: संस्कृतात लिहिलं तर त्या वंचित राहतील. त्याच मंडळींतल्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. कसं? चक्रधरांच्या सहवासात जे जे राहिले होते त्यांना गाठून, विचारून, आठवणी गोळा करून. समोर म्हातारी बाई ठेवायची आणि ज्याने पाहिलं त्याला जाऊन विचारायचं. अडलेल्या माणसाला द्यायला माझ्याजवळ याहून चांगला सल्ला नाही.

बोलीची लाज वाटत असेल तर उद्धव शेळक्यांची ‘धग’ मिळवून वाचा. ती १९६०ची कादंबरी आहे आणि तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात. रा. रं. बोराड्यांची १९७१ची ‘पाचोळा’ मराठवाड्याच्या बोलीत आहे. दोन्ही पुस्तकं मराठीच्या मधोमध उभी आहेत. मोठ्याने वाचा, पाठीवर थाप पडल्यासारखं वाटतं. मला वाटलं होतं.

आता विषयाकडे येतो. आपल्याकडचा लिहिणारा मोठ्या विषयाने अडतो. पुष्य अमावस्या आली की सगळे नागोबाच्या जत्रेवर लिहायला बसतात: केस्लापूर, गोंडांचं मेस्राम कूळ, मडक्यांतून येणारं गोदावरीचं पाणी, १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या काळात सुरू झालेला दरबार. हे सगळं खरं आहे आणि दरवर्षी तसंच छापून येतं. म्हणून तिसऱ्या वाक्याला हात थांबतो. आपण काय वेगळं सांगतोय हे आपल्यालाच कळत नाही. अशा वेळी विषय कापा. निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. जत्रेवर लिहू नका, त्या मडक्यांवर लिहा: ती कोण घडवतं, कधी सांगितली जातात, डोक्यावर घेऊन चालताना चुंबळ कशाची असते. किंवा इंद्रवेल्लीहून केस्लापूरला जाणाऱ्या रस्त्यावर उतरणाऱ्या एकाच बिऱ्हाडावर लिहा. विषय तळहातावर मावेल एवढा झाला की त्यात प्रश्न दिसू लागतात, आणि प्रश्न दिसला की पाय उचलतो.

पाय उचलणं महत्त्वाचं आहे. या बाबतीत मला सेतुमाधवराव पगडी नेहमी आठवतात. १९१० साली निलंग्याला जन्मलेला हा मराठी माणूस निजामाच्या राज्यात महसुली अधिकारी होता आणि आदिवासींमधल्या सरकारी कामासाठी या जिल्ह्यात आला. शिवचरित्रकार आणि फारसी साधनांचे जाणकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण १९४९ साली त्यांचं आदिलाबादच्या गोंडांवरचं इंग्रजी पुस्तक आलं, पुढच्याच वर्षी कोलामी भाषेचं व्याकरण, नंतर गोंडीचंही. व्याकरण टेबलापाशी बसून सुचत नाही. ‘मी गेलो’ कसं म्हणता, ‘ती गेली’ कसं म्हणता, हे कुणा कोलामाला, कुणा गोंडाला विचारावंच लागतं, एकदा नव्हे, शंभरदा. दौरे, फायली, तक्रारी यांच्या गराड्यातला अधिकारी हे करू शकला, कारण त्याचं लेखन प्रेरणेवर टांगलेलं नव्हतं, विचारण्यावर उभं होतं. त्यांचं ‘जीवनसेतू’ हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा.

तुम्हाला व्याकरण लिहायचं नाही. तरी आठवड्यातून एकदा एका माणसाला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. आरटीसीच्या कंडक्टरला विचारा, पैनगंगेच्या पुलाअलीकडे भाडं किती आणि पलीकडच्या एसटीत किती. सरकारी दाखले देणाऱ्या मीसेवा केंद्रावरच्या मुलाला विचारा, मराठी नावं तेलुगूत चढवताना कोणतं अक्षर नेहमी चुकतं. हे शेवटचं मी विचारलं होतं. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतून किती घरांच्या कागदांत बापाचं आणि मुलाचं आडनाव वेगळं झालंय, हे ऐकताना मला एका बैठकीत चार लेखांचे विषय मिळाले. लिहून घेताना आकडा, नाव, वस्तू यांवर भर द्या. ‘कापसाचा भाव पडला’ असं टिपलेलं पुढच्या महिन्यात तुम्हाला काहीच सांगणार नाही. कोणत्या दिवशी, किती रुपये, बंडीत किती क्विंटल माल होता, हे टिपलेलं वर्षानेही लेख देतं.

कापसाचाच विषय निघाला आहे तर कच्च्या मसुद्याबद्दल सांगतो. आदिलाबादच्या यार्डात सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी सुरू झाली की एकच प्रश्न कानावर येतो: मॉइश्चर किती आलं? आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्याटक्क्याला कपात, बाराच्या वर गेलं तर माल परत. म्हणून जाणता शेतकरी वेचलेला कापूस तसाच यार्डात नेत नाही, अंगणात पसरून ऊन दाखवतो. मसुद्याला हेच करा. लिहिण्याच्या दिवशी सुधारायचं नाही. शुद्धलेखन नाही, शब्द बदलणं नाही, मागे जाऊन पहिलं वाक्य चाटूनपुसून घेणं तर मुळीच नाही. अर्धे अडलेले लोक इथे अडलेले असतात: ते वेचता वेचताच ओलावा मोजत बसतात. आज फक्त वेचा. दोन दिवस ठेवा. मग मोठ्याने वाचा, आणि जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. त्या खुणांएवढीच दुरुस्ती. पण अंगणात पसरलेला कापूस महिनाभर ठेवला तर त्यात काडीकचरा शिरतो, हेही विसरू नका. दोन-तीन दिवस पुरे.

टंकलेखनच जड जात असेल, आणि देवनागरी कळफलकाची सवय नसलेल्या पुष्कळांना ते जातं, तर बोला. फोनवर मराठी बोलून अक्षरं उमटवण्याची सोय आहे. ती गावांची नावं चुकवते, बोलीतले शब्द ‘सुधारून’ टाकते, पण चालण्याचा वेग देते. मी वावराच्या बांधावर उभा राहून दहा मिनिटं बोलतो, घरी येऊन चुकलेले शब्द परत माझे करून घेतो. ‘वावर’चं ‘शेत’ कुणी केलं तर मी पुन्हा ‘वावर’ करतो. रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय मात्र मोडा. घाईच्या निरोपाला ती ठीक आहे, लांब लिहिताना वाक्य तुटक होतं आणि आपलंच लिहिणं आपल्याला वाचवत नाही.

या जिल्ह्यात अक्षरांचं महत्त्व कुणी वेगळं सांगायला नको. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली हस्तलिखितं घरांत जपलेली होती. या शतकाच्या पहिल्या दशकात जयधीर तिरुमल राव यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती प्रकाशात आणली, तेव्हा ती वाचू शकणारी म्हातारी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. त्यांच्याकडून अक्षरं समजून घेतली गेली, आणि २०१८ साली ‘गुंजाला गोंडी’ ही लिपी युनिकोडमध्ये आली. त्याआधी, १९४०च्या दशकात, जुन्या जिल्ह्यातल्या मार्लवाईला हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार झाले तेव्हा गोंडीची पहिली पाठ्यपुस्तकं देवनागरीत निघाली होती. आपल्याच अक्षरांनी शेजाऱ्याच्या भाषेला वाट दिली होती. नारनूरवरून जाताना मला हे दरवेळी आठवतं.

सुरुवात कशी करायची, हा पुढचा प्रश्न. कोऱ्या पडद्यावर पहिलं वाक्य शोधणं हे सर्वांत थकवणारं काम, म्हणून ते शोधूच नका. ठरलेलं ठेवा. परधानांकडे पाहा. आदिलाबादचे परधान घरी मराठी बोलतात, पण त्यांचं पिढीजात काम गोंडांच्या कुळकथा गोंडीत गाण्याचं, किकरी या तंतुवाद्याच्या साथीवर. रात्ररात्र चालणारी कथा सांगणारा माणूस सुरुवातीला काही नवीन सुचण्याची वाट पाहत नाही. किकरी जुळते, ठरलेलं आवाहन होतं, आणि तेवढ्यात आवाज तापतो, आठवण जागी होते. तुमचं आवाहन अगदी साधं असू द्या: तारीख, गाव, थंडी किंवा ऊन, आज दिसलेली एक गोष्ट. ‘मार्गशीर्ष, बेला, सकाळी शेकोटीभोवती सहा माणसं.’ रोज अशाच घाटाची ओळ लिहून पुढे चला. लेख झाल्यावर ती ओळ खोडली तरी चालेल. पुष्कळदा ती खोडावीशी वाटत नाही.

वेळही ठरलेली हवी, पण झेपेल एवढीच. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात प्राध्यापकांवर एक प्रयोग केला होता. काहींना ठरवून नियमित लिहायला लावलं, काहींना मनात येईल तेव्हा लिहायला सांगितलं, काहींना लिहिण्यापासून दूर ठेवलं. नव्या कल्पना सर्वांत जास्त सुचल्या त्या नियमित लिहिणाऱ्यांना. सुचलं की लिहू, हा क्रम उलटा आहे; लिहिता लिहिता सुचतं. मात्र आपल्या जिल्ह्याचं वर्ष शहरासारखं सपाट नाही. वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, शेतकरी घरातल्या बाईला रोज अर्धा तास मागणं हा जुलूम आहे. त्या दिवसांत फक्त पाच ओळींची नोंद ठेवा. लांब लेख उन्हाळ्यात लिहा, पराट्या उपटून झाल्या आणि दुपारी बाहेर पडवत नाही तेव्हा. दोन महिने काही छापलं नाही म्हणजे आपण लिहिणारे उरलो नाही, असं मनाला लावून घेऊ नका. वावरसुद्धा वर्षातले काही महिने उघडं असतं.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. हात अडण्यासोबत झोप उडाली असेल, जेवण नकोसं झालं असेल, माणसं नकोशी झाली असतील आणि हे आठवड्यामागून आठवडे चाललं असेल, तर ते लिहिण्याचं दुखणं नाही. तिथे वरचा एकही उपाय लावू नका. डॉक्टरकडे जा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे. घरात मृत्यू झाल्यानंतर मीही वर्षभर लिहिलं नाही, आणि त्या वर्षाबद्दल मला कुणाला उत्तर द्यावंसं वाटत नाही.

आता मधेच अडणाऱ्यांसाठी. सुरुवात छान होते, दोन परिच्छेद होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं काही दिसत नाही. याचं कारण बहुधा आदल्या रात्रीत असतं: होतं नव्हतं ते सगळं ओतून आपण उठलेलो असतो. हेमिंग्वे पुढे काय येणार हे ठाऊक असतानाच दिवसाचं लिहिणं थांबवायचा. मला हे त्याच्याकडून कळलं नाही, निंदणीच्या बायांकडून कळलं. प्रत्येक बाई आपली पात धरते. संध्याकाळ झाली की पात पुरी करण्यासाठी कुणी अंधारात धावत नाही. जिथे पोचली तिथे उपटलेल्या गवताची पेंडी ठेवते आणि घरी जाते. सकाळी वावरात आल्यावर कुठून लागायचं, हे तिला कुणाला विचारावं लागत नाही.

तशी पेंडी ठेवायची. वाक्य अर्धं असतानाच उठा, आणि खाली उद्यासाठी चार शब्द लिहून ठेवा. माझ्या वहीत काल रात्री ठेवलेली पेंडी अशी आहे: ‘भोरजच्या नाक्यावर चहा. दोन राज्यांचे ड्रायव्हर. कपात की ग्लासात? त्याला विचारायचं की’